एक आज्ञावली, अनेक यंत्रे : मुंबईतील संगणकीय बोलींच्या भाषांतराचा इतिहास

एका संगणकासाठी रचलेली आज्ञावली दुसऱ्या संगणकावर चालेनाशी का होते, हा प्रश्न सामान्यतः अभियंत्यांचा समजला जातो. वस्तुतः त्याचे मूळ भाषेत आहे. आज्ञावली हा एक लेख होय. तो लिहिणाऱ्याने कोणी एक वाचक मनाशी धरलेला असतो, आणि त्या वाचकाला ठाऊकच असणार म्हणून पुष्कळ गोष्टी तो लिहीतच नाही. वाचक माणूस असेल तर असे न लिहिलेले तो संदर्भावरून भरून काढतो. गिरगावातील छापखान्यांतला जुळारी लेखकाची ऱ्हस्वदीर्घाची चूक न विचारता दुरुस्त करून खिळे जुळवीत असे. यंत्राच्या ठिकाणी ही उदारता नाही. मुंबईत गेल्या साठ-पासष्ट वर्षांत आज्ञावल्यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जी स्थलांतरे केली, त्यांचा इतिहास पाहता एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. आज्ञावलीत जे लिहिलेले असते त्यामुळे स्थलांतर क्वचितच फसते. जे गृहीत धरून लिहिलेलेच नसते, त्यामुळे ते फसते.

ह्या प्रकारच्या अडचणीशी मुंबईची ओळख संगणकाहून जुनी आहे. परळ येथील जी. आय. पी. रेल्वेचा कारखाना व लालबाग-परळच्या कापडगिरण्या ब्रिटिश यंत्रसामग्रीवर उभ्या राहिल्या. त्यांचे नटबोल्ट व्हिटवर्थ ह्याने १८४१ मध्ये सुचविलेल्या प्रमाणाचे. तेथून हाकेच्या अंतरावर शिवडीला जनरल मोटर्स कंपनीचा मोटारी जुळविण्याचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला, आणि त्याबरोबर अमेरिकी प्रमाणाचे आटे आले. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचास १२ आटे असतात. त्याच मापाच्या अमेरिकी जाड आट्यांच्या बोल्टला १३. आट्यांचा कोन पहिल्यात ५५ अंशांचा, दुसऱ्यात ६० अंशांचा. दोहोंचा व्यास एकच. म्हणून एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर दोन-तीन फेरे सहज चढतो आणि मग अडतो. फिटरने जोर केला तर आटे मरतात. मुळीच न चढणारा नट निरुपद्रवी होय, कारण तो आपला विजातीयपणा तत्काळ सांगतो. धोका असतो तो थोडासा चढणाऱ्या नटाचा. आज्ञावलीचेही असेच आहे. बांधणीच्या वेळीच, म्हणजे कंपायलरने तिचे यंत्रभाषेत रूपांतर करताना, ती अडली तर दोष निदान दिसतो. बांधणी निर्वेध पार पडून उत्तरे मात्र चुकली, तर दोष कित्येक महिने लपून राहू शकतो.

मुंबईतील पहिले मोठे स्थलांतर कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले. रंगस्वामी नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे रचलेला संगणक १९६० मध्ये कामास लागला व १९६२ मध्ये त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्याचा यंत्रशब्द ४० बिटांचा होता आणि स्मृतीत असे २,०४८ शब्द मावत. (येथे ‘शब्द’ ही संज्ञा यंत्र एका वेळी उचलते त्या ठराविक बिटसंख्येसाठी वापरली आहे, इंग्रजीतील ह्या रूढीने भाषाशास्त्राची गैरसोय केली आहे, पण आता तिला इलाज नाही.) संशोधकांना आपली गणिते यंत्राच्या अंकभाषेतच मांडावी लागत. १९६४ मध्ये संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्याचा यंत्रशब्द ४८ बिटांचा, स्मृती ३२,७६८ शब्दांची. टिफ्रॅकसाठी लिहिलेल्या अंकभाषेतील आज्ञावलीला ह्या नव्या यंत्रावर काहीही अर्थ नव्हता. तेव्हा भाषांतराचा प्रश्नच उद्भवला नाही. मूळ गणित घेऊन सर्व काही फोर्ट्रान भाषेत नव्याने लिहिणे, हाच मार्ग होता. हा सर्वांत खर्चिक उपाय खरा, पण सर्वांत निर्धोकही, कारण जुन्या यंत्राची गृहीतके नव्या लेखात शिरकाव करू शकत नाहीत.

खरी गुंतागुंत पुढच्या पिढीत आली, आणि ती येण्याचे कारण म्हणजे फोर्ट्रानविषयीचा विश्वास. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थेत डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा डेक-१० हा संगणक वापरात होता. तोही फोर्ट्रान जाणत होता. भाषा एकच, तेव्हा आज्ञावली जशीच्या तशी चालावी, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु डेक-१० चा यंत्रशब्द ३६ बिटांचा. सीडीसीवर एका यंत्रशब्दात सहा बिटांची आठ अक्षरे बसत. डेकवर सात बिटांची पाच बसत आणि एक बिट रिकामा राही. आता असे समजावे की, सीडीसीवर लिहिलेली एखादी आज्ञावली पत्त्यांची यादी वाचते आणि प्रत्येक स्थळनाम आठ घरांच्या चौकटीतून एका चलात घेते. रोमन लिपीतील ‘गिरगाव’ची सात अक्षरे व एक रिकामी जागा मिळून आठ घरे भरतात. सीडीसीवर ते नाव अखंड साठविले जाई. डेकवर फोर्ट्रानच्या नियमाप्रमाणे उजवीकडची पाच घरेच शिल्लक राहत, म्हणजे ‘गिरगाव’चे नुसते ‘गाव’ उरे. कंपायलर तक्रार करीत नसे, कारण व्याकरणदृष्ट्या काहीच चुकलेले नव्हते. आकडेमोडीतही हाच प्रकार होता. सीडीसीवरील साधी अपूर्णांकी संख्या सुमारे १० अंकांपर्यंत विश्वसनीय असे, डेकवरील सुमारे ८ अंकांपर्यंत. ज्या गणितात दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होते, तेथे ह्या दोन अंकांच्या उणिवेने उत्तराचा अर्थच नष्ट होऊ शकतो.

व्यापारी जगाने ह्या प्रश्नाचा विचार वेगळ्या वाटेने केला होता. कोबोल ह्या भाषेची कल्पना १९५९ मध्ये पुढे आली, ती मुळी अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर एकच हिशेबी आज्ञावली चालावी म्हणूनच. डिसेंबर १९६० मध्ये आरसीए ५०१ व युनिव्हॅक २ ह्या भिन्न यंत्रांवर एकच कोबोल आज्ञावली किरकोळ फेरफारांनी चालवून दाखविण्यात आली. कोबोलच्या रचनाकारांना यंत्रभेदाची जाणीव किती होती, हे तिच्या मांडणीवरून कळते : प्रत्येक आज्ञावलीत ‘एन्व्हायर्न्मेंट डिव्हिजन’ नावाचा एक स्वतंत्र विभाग असतो, त्यात आज्ञावली कोणत्या यंत्रावर संकलित होणार व कोणत्या यंत्रावर चालणार हे नोंदवावयाचे असते. यंत्रसापेक्ष ते सारे ह्या एका विभागात कोंडून ठेवावे आणि उरलेला मजकूर सर्व यंत्रांना समान राहावा, ही योजना मोठी सुबक होती. ती टिकली नाही. प्रत्येक कंपनीने कोबोलमध्ये आपल्या सोयीची भर घातली आणि थोड्याच वर्षांत तिच्या बोली झाल्या.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ह्या बोलीभेदाचा एक विशेष तत्काळ ओळखू येईल. परके शब्द फारसा घोटाळा करीत नाहीत; घोटाळा करतात ते ओळखीचे दिसणारे शब्द. मराठी माणूस हिंदीत ‘शिक्षा’ ऐकतो तेव्हा त्याला दंड आठवतो, विद्या आठवत नाही. हिंदीतील ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीतील चेष्टा म्हणजे थट्टा. मराठीत निरुपद्रवी असलेली ‘यंत्रणा’ बंगालीत यातना होते. कोबोलमधील ‘कॉम्प्युटेशनल’ हा शब्द ह्याच जातीचा. एखादी संख्या गणितास सोयीच्या रूपात साठवावी, एवढाच त्याचा अर्थ; ते सोयीचे रूप कोणते, हे प्रत्येक यंत्राने आपापल्या परीने ठरविलेले. आयसीएल १९०० मालिकेच्या यंत्रांवर ते २४ बिटांच्या यंत्रशब्दातील द्विमान रूप असे. बरोज कंपनीच्या मध्यम यंत्रांवर चार-चार बिटांच्या दशमान अंकांची माळ असे. अक्षरही एकच, उच्चारही एकच, अर्थ मात्र दोन.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे १९७४ मधील मुंबईतील एका कामगिरीचे महत्त्व नीट कळते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्ये स्थापन झाली होती आणि टाटांच्या वीज कंपनीतील अभियंते फकीरचंद कोहली १९६९ पासून तिचा कारभार पाहत होते. अमेरिकेतील बरोज कंपनीने तिला एक काम दिले. रुग्णालयाचे हिशेब ठेवणारी एक आज्ञावली बरोजच्या मध्यम यंत्रांच्या कोबोलमध्ये लिहिलेली होती. ती त्याच कंपनीच्या लहान यंत्रांच्या कोबोलमध्ये आणावयाची होती. वरवर पाहता हे एकाच घराण्यातील दोन भावंडांमधले भाषांतर. पण ही भावंडे अंगकाठीने अगदी निराळी होती. मध्यम यंत्रांची स्मृती दशमान पत्त्यांनी मोजली जाई. बी १७०० ह्या लहान यंत्राची स्मृती बिटाबिटाने हवी तशी तोडता येत असे, आणि प्रत्येक भाषेसाठी ते यंत्र आपली अंतर्गत आज्ञापद्धतीच बदलून घेई.

मुंबईत ह्या दोहोंपैकी एकही यंत्र हाताशी नव्हते. परकीय चलनाची टंचाई, आयात परवान्यांची दीर्घ प्रक्रिया व भारी सीमाशुल्क ह्यांमुळे संगणक मागविणे हे तेव्हा वर्षांच्या हिशेबाचे काम होते. संस्थेजवळ होता तो ब्रिटिश बनावटीचा आयसीएल १९०३. म्हणजे मूळ भाषा एकाची, लक्ष्य भाषा दुसऱ्याची, आणि भाषांतराची बैठक तिसऱ्याच्या घरी. संस्थेच्या लोकांनी ह्यावर काढलेला मार्ग असा की, आज्ञावलीचे भाषांतर हाताने न करता भाषांतर करणारी आज्ञावलीच लिहावयाची. तिला त्यांनी ‘फिल्टर’, म्हणजे गाळणी, म्हटले. ही गाळणी आयसीएलवर चाले. एका बाजूने मध्यम यंत्राचे कोबोल आत जाई, दुसऱ्या बाजूने लहान यंत्राचे बाहेर येई.

ह्या घटनेकडे भारताच्या सॉफ्टवेअर-निर्यातीचा आरंभ म्हणून नेहमी पाहिले जाते, आणि ते अयोग्य नाही. परंतु तिच्यातील अधिक मननीय भाग दुसराच होय. एखाद्या शब्दाचा अर्थ लक्ष्य यंत्रावर चालवून पाहण्याची सोय ज्याला आहे, तो चुका करीत करीत शिकू शकतो. ती सोय नसेल तर दोन्ही बोलींचे भेद आधी संपूर्णपणे लिहून काढावे लागतात. गाळणी लिहिणे म्हणजे असा भेदकोश तयार करणे होय : कोणता शब्द तसाच ठेवावयाचा, कोणता बदलावयाचा, आणि कोणता दिसावयास तोच असूनही अर्थाने बदलला आहे म्हणून त्याच्या भोवतालची रचनाच फिरवावयाची. शिवाय आयसीएलवर जे काही तपासावे ते तिसऱ्याच यंत्राच्या संकेतांनी रंगलेले. एक साधे उदाहरण वर्णक्रमाचे. आयसीएल १९०० च्या अक्षरसंचात अंक अक्षरांच्या आधी येतात. बरोजने स्वीकारलेल्या एबसिडिक संचात अक्षरे आधी, अंक नंतर. एका खाटेचा क्रमांक ‘ए५’ व दुसरीचा ‘५ए’ असेल, तर आयसीएलवर ‘५ए’ आधी लागेल आणि बरोजवर ‘ए५’. तेव्हा समोर दिसणारा फरक हा भाषांतराचा दोष आहे की बैठकीच्या यंत्राचा स्वभाव आहे, हे ओळखण्यासाठी तीनही यंत्रांची मनोरचना डोक्यात बाळगावी लागे. अभावातून आलेली ही शिस्त होती. विपुलतेत ती कोणी स्वखुशीने पत्करली असती असे वाटत नाही. पुढे वर्षानुवर्षे जुन्या यंत्रांवरील आज्ञावल्या नव्या यंत्रांवर नेण्याची कामे मुंबईकडे येत राहिली, त्यामागे अल्प मजुरीइतकीच ही शिस्तही होती, हे अर्थशास्त्रीय विवेचनांत सहसा येत नाही.

ह्याच दशकाच्या अखेरीस स्थलांतराचा प्रश्न ऐच्छिक न राहता अपरिहार्य झाला. परकीय चलन नियमन कायद्याखालील अटी अमान्य करून आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये भारतातील आपला कारभार गुंडाळला. एसो तेल कंपनीकडे १९६१ मध्ये आलेल्या यंत्रापासून मुंबईच्या कंपन्यांत आयबीएम १४०१ ची परंपरा रुजली होती. तिच्यावरील बरीच कामे ऑटोकोडर ह्या त्या यंत्राच्याच सांकेतिक भाषेत लिहिलेली. १४०१ मध्ये यंत्रशब्दाची लांबी ठराविक नव्हती. शब्द कोठे सुरू होतो हे दाखविण्यासाठी अक्षरासोबत एक खूण ठेवली जाई. अशी लिहिण्याची सवय दुसऱ्या कोणत्या यंत्रावर न्यावी तरी कशी? कोबोलमध्ये लिहिणारे तरले. ऑटोकोडरमध्ये लिहिणाऱ्यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागला.

ऐंशीच्या दशकात युनिक्स कार्यप्रणाली व सी भाषा ह्यांच्या आगमनाने प्रश्नाचे स्वरूप पालटले. युनिक्सचा बहुतांश भाग १९७३ मध्ये सी भाषेत पुनर्लिखित झाला होता, आणि १९७७ च्या सुमारास तो मूळच्या पीडीपी-११ यंत्रावरून इंटरडेटाच्या यंत्रांवर नेला गेला. ह्या स्थलांतरांत प्रकट झालेला एक दोष मराठी वाचकास विशेष जवळचा वाटावा. काही यंत्रे मोठ्या संख्येचा लहान भाग आधी साठवितात, काही मोठा भाग आधी. त्यामुळे दोन-दोन बाइटांच्या जोड्या उलटून ‘युनिक्स’ची चार रोमन अक्षरे ‘नक्सी’ अशी उमटत. मराठीत २५ लिहिताना दोन आधी येतो, पण म्हणताना ‘पंचवीस’ असा पाच आधी येतो. इंग्रजीत लेखन व उच्चार दोन्ही विसापासून सुरू होतात. शके १८०० च्या आधीच्या कित्येक ग्रंथांत व लेखांत शब्दांनी दिलेला शक उजवीकडून डावीकडे वाचावयाचा असतो, हा संकेत ठाऊक नसलेल्या वाचकास भलतेच साल मिळते. संख्या एकच, वाचनाची दिशा दोन, आणि दिशा कोणती हे लेखात कोठेही लिहिलेले नाही. युनिक्सच्या कर्त्यांपुढील अडचण नेमकी हीच होती.

ह्या काळात उपायाची पद्धतही बदलली. बांधणीचे टप्पे क्रमवार लिहून ठेवणारे ‘मेक’ हे साधन बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये तयार झाले होते. १९९१ मध्ये ‘ऑटोकॉन्फ’ आले. त्याने निर्माण केलेली ‘कन्फिगर’ ही पटकथा बांधणीपूर्वी यंत्राचीच उलटतपासणी घेते : तुझा पूर्णांक किती बाइटांचा? तू मोठा भाग आधी ठेवतोस की लहान? अमुक सुविधा तुझ्याजवळ आहे काय? प्रत्येक प्रश्नासाठी ती एक इवलीशी आज्ञावली लिहून संकलित करून पाहते आणि तिच्या यशापयशावरून उत्तर ठरविते. यंत्राचे नाव विचारून त्याचा स्वभाव गृहीत धरण्यापेक्षा स्वभावच विचारणे, हा क्षेत्रीय बोलीविज्ञानातील चांगल्या प्रश्नावलीचा दंडक येथे स्वतंत्रपणे गवसला, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र ह्या सुधारणेचा लाभ उशिरा मिळाला. १९९१ मध्ये भारतीय भाषांसाठी इस्की हे अक्षरसंकेतांचे मानक प्रसिद्ध झाले, तरी दादर-गिरगावातील अक्षरजुळणीची दुकाने प्रत्येक फॉन्टच्या खाजगी संकेतांवरच चालत राहिली. एका दुकानात शुद्ध असलेला मजकूर दुसऱ्या दुकानातील संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होई. पुढे युनिकोड आले, पण तेथेही मराठीचा एक विशेष अडचणीचा ठरला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोलगट जागा. हा भेद हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. दऱ्यांमधील अर्ध्या ‘र’साठी दोन वेगळे संकेतक्रम रूढ झाले. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. शोध घेताना एक दुसऱ्यास ओळखत नाही. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्यासाठी केलेले ‘इंडिक्स’चे काम, तसेच माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधील जितेंद्र शहा ह्यांच्या पुढाकाराने झालेले मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचे काम, ह्या अशा बारकाव्यांशी झगडतच पुढे सरकले.

ह्या सर्व इतिहासातील अगदी अलीकडचा दोष लिपी व यंत्र दोहोंच्या सीमेवर आहे. सी भाषेत अक्षर साठविण्याचा जो मूलभूत प्रकार आहे, तो ऋण संख्या धारण करू शकतो की नाही, हे भाषेच्या प्रमाणग्रंथाने ठरविलेच नाही. ते प्रत्येक यंत्रावर सोपविले. इंटेलच्या प्रोसेसरांवर तो ऋण होऊ शकतो; लिनक्स चालविणाऱ्या एआरएम प्रोसेसरांवर तो सदैव धन असतो. इंग्रजी मजकुराला ह्याची झळ लागत नाही, कारण रोमन अक्षरांचे संकेत १२७ च्या आत राहतात. पण यूटीएफ-८ ह्या आजच्या सर्वमान्य लेखनपद्धतीत ‘अ’ हे अक्षर २२४, १६४ व १३३ अशा तीन बाइटांनी लिहिले जाते, आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षराचे तीनही बाइट १२७ च्या पलीकडचे असतात. इंटेलवर तेच तीन बाइट उणे ३२, उणे ९२ व उणे १२३ असे वाचले जातात. ‘बाइट १२७ हून मोठा आहे काय?’ अशी तपासणी लिहिली असेल तर एआरएमवर तिचे उत्तर होकारार्थी आणि इंटेलवर नेहमीच नकारार्थी येते. डेबियनसारख्या प्रकल्पात, जेथे प्रत्येक आज्ञावली अनेक प्रकारच्या प्रोसेसरांवर स्वतंत्रपणे बांधून तपासली जाते, तेथे अशी आज्ञावली एका यंत्रावर उत्तीर्ण होते व दुसऱ्यावर बांधणीच्या चाचणीतच अडते. तीही चाचणीच्या नमुन्यात एखादा देवनागरीसारखा मजकूर ठेवलेला असेल तरच. नमुने केवळ इंग्रजीत असतील तर दोन्ही यंत्रांवर सर्व आलबेल दिसते आणि पहिला मराठी वापरकर्ता येईपर्यंत दोष झाकलेला राहतो. ॲपल कंपनीने २०२० पासून आपले संगणक एआरएम जातीच्या प्रोसेसरांवर आणले, पण तेथे तिने अक्षरप्रकार इंटेलप्रमाणेच ऋण होऊ देणारा ठेवला. तेव्हा नुसते प्रोसेसरचे कुळ पाहूनही निर्णय करता येत नाही. उपाय एका शब्दाचा आहे : अक्षरप्रकार घोषित करताना ‘अनसाइन्ड’ असे स्पष्ट लिहावयाचे.